दसरा-दिवाळीच्या आधी घर कसं मोकळं करायचं (मुंबईतल्या ४०० फुटांत)

दरवर्षी सप्टेंबर संपत आला की कुणीतरी ग्रुपवर तो फोटो टाकतंच. लाल-केशरी पानांचा सडा, एक रिकामं बाकडं, आणि खाली झाडासारखं सोडून द्यायला शिका वगैरे. मी तो बघते तेव्हा साधारण कांजूरच्या पुलावर घामाने निथळत उभी असते. इथे ऑक्टोबरात कुठलं आलंय पान गळायला. आपली पानगळ शिशिरातली, जानेवारी उजाडल्यावर सावरी-बदामाची पानं पडायला लागतात तेव्हाची. शरदात आपल्याकडे गळतो तो प्राजक्त, रात्री उमलतो आणि पहाटे खाली, आणि आमच्या सोसायटीत सात वाजेपर्यंत तो झाडूने एका बाजूला गोळा पण झालेला असतो.

पण सोडायचा मोसम आपलाही हाच आहे बरं का, आपल्याकडे तो पंचांगातच लावून दिलाय. पितृपक्षाचे १५ दिवस, मग घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंतचे १०, मग लक्ष्मीपूजनापर्यंत २०, झाला दीड महिना. मी गेली काही वर्षं घरातला पसारा ह्याच क्रमाने काढते. आधी मी पण सगळ्यांसारखं दिवाळीच्या आधीच्या रविवारी एकदम सगळं बाहेर काढायचे, रात्री अकरा वाजता अर्धं तसंच परत कोंबायचे आणि सोमवारी कंबर धरून ऑफिसला जायचे. काय जमलं, काय फसलं ते सांगते, त्यातलं तुमच्या घराला जे लागू पडेल ते घ्या.

आधी एक गोष्ट, आणि ही चुकवली तर बाकी सगळं फुकट. कपाट उघडायच्या आधी ठरवा की त्यातून निघालेलं कुठे जाणार. गावाकडच्या घराला पडवी असते, गोठा असतो, "बघू नंतर"चा ढीग तिथे चार वर्षं सुखाने राहतो. आपल्याकडे तो ढीग हॉलमध्ये येतो, दोन दिवस सगळे त्याला ओलांडून बाथरूमला जातात आणि तिसऱ्या दिवशी नवरा वैतागून तो माळ्यावर टाकतो. म्हणून मी एक कागद फ्रिजवर लावते, रद्दीवाल्याचा नंबर, भंगारवाला कोणत्या वारी येतो, बोहारीण येते का आणि कधी, वाचनालयात पुस्तकं घेतात का (आधी फोन करून विचारा, न विचारता पोतं घेऊन गेलात तर तिथल्या बाई जे बघतात ना), ई-कचरा कुठे घेतात. प्रत्येकाच्या पुढे एक वार. ज्या वस्तूला ह्या कागदावर वाट नाही ती त्या दिवशी कपाटातून काढायचीच नाही.

पितृपक्षात कागदपत्रं

पितृपक्षात नवीन काही घेत नाहीत, शुभकार्य नाही, म्हणजे बाजारहाट कमी आणि संध्याकाळी थोडा वेळ मिळतो. शिवाय पाऊस अजून गेलेला नसतो. हवामान खात्याच्या हिशोबाने मुंबईतून पाऊस परतायची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे, त्यामुळे तोपर्यंत गाद्या-कपड्यांना हात लावायचा नाही, दमट हवेत उघडलेलं कपाट बंद केलं की वास आणखी वाढतो. ह्या दिवसांत बसून करायची कामं, म्हणजे कागद.

आणि कागदांच्या बाबतीत माझं म्हणणं उलटं आहे, इथे घाईने फेकू नका. सांगते का. बाबा गेल्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक आमच्याकडे आली, बाबा गिरणीत होते, १८ जानेवारी १९८२ चा संप सुरू झाला तेव्हा मी दोन वर्षांची होते. ट्रंकेत काय, तर पिवळे पडलेले कागद, रबराची पट्टी वितळून चिकटलेली, पगाराच्या चिठ्ठ्या, कसलंसं कार्ड, गावच्या मनीऑर्डरीच्या पावत्या, एका डायरीत किराण्याचा हिशोब. मी सगळं रद्दीत काढलं होतं, खरंच सांगते, पिशवी दारात ठेवली होती. वहिनीने बघितलं आणि ओरडली. कारण गिरणी कामगारांच्या म्हाडाच्या घरांना १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर जो पटावर होता त्याचा किंवा त्याच्या वारसाचा हक्क लागतो, आणि तो पटावर होता हे दाखवायला हेच लागतं, मिलचा पास, तिकीट नंबर, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड, पगाराची चिठ्ठी. घर मिळेल तेव्हा मिळेल, पण कागदच गेला तर रांगेतूनच बाहेर. त्या दिवसापासून रद्दीची पिशवी भरून झाली की एक रात्र घरातच राहते, आणि दुसऱ्या कुणीतरी ती एकदा उपसून बघायची, हा नियम.

तर कागदांचे मी तीन गठ्ठे करते. पहिला कधीच न फेकायचा. घराचं अ‍ॅग्रीमेंट, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), स्टॅम्प ड्युटीच्या पावत्या, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, जन्म-मृत्यू-लग्नाचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले, जातीचे दाखले, गावचे सातबारे. तुम्ही किंवा तुमचं कुणी झोपडपट्टीत किंवा जुन्या चाळीत असेल तर जुनी लाईटबिलं, भाड्याच्या पावत्या, जुनं रेशनकार्ड पण ह्याच गठ्ठ्यात. एसआरएमध्ये (झोपडपट्टी पुनर्वसनात) १ जानेवारी २००० च्या आधीपासून राहत असल्याचा पुरावा असला तर घर मोफत, त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतचं असेल तर पैसे भरून, म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वीचं दीडशे रुपयांचं लाईटबिल हा कागद किती किमतीचा आहे ते बघा. शिळ्या बिलांचा गठ्ठा करून ठेवणाऱ्या सासूला हसू नका.

दुसरा गठ्ठा काही वर्षं ठेवायचा. इन्कमटॅक्सचं, बँकेचं, फंडाचं, मी आठ वर्षं ठेवते, जुन्या वर्षाच्या नोटिसा येतात कधीकधी. वॉरंटीची बिलं पण इथेच, पण ती एटीएमच्या चिठ्ठीसारख्या गुळगुळीत कागदावर असतील तर लगेच फोटो काढा, आमच्या मिक्सरचं बिल वॉरंटी संपायच्या आधी कोरं झालं होतं, नुसता पांढरा कागद घेऊन दुकानात उभी राहिले.

तिसरा गठ्ठा जाणारा. लग्नपत्रिका (गणपतीचं चित्र आहे म्हणून आपण ठेवतो, दुसरं काही कारण नाही), क्लासच्या नोट्स, कॅटलॉग, मुलाच्या जुन्या टेस्टपेपरांची चळत. ज्यावर आधार, पॅन, खाते नंबर आहे तो कागद फाडून, नुसता दुमडून नव्हे. आणि रद्दी दिवाळीच्या आठवड्यात विकू नका, आमचा रद्दीवाला स्वतःच म्हणतो की ताई तेव्हा सगळी बिल्डिंग एकदम देते आणि मला गोडाऊनमध्ये ठेवायला जागा नसते, भाव पाडून मागतो मग. घरचा वजनकाटा असेल तर पिशवी घेऊन त्यावर उभं राहा, मग पिशवी ठेवून उभं राहा, वजाबाकी करा. त्याच्या तराजूशी भांडायचं नाही, नुसतं "बारा किलो आहे" असं सहज बोलायचं.

सर्वपित्री अमावास्येच्या आधी हे संपवायचं. गेलेल्या माणसांचे कागद चाळायला ह्याच्याइतके बरे दिवस नाहीत असं मला वाटतं. तसेही त्या दिवसांत बाबा आठवतातच, वाडी दाखवायची, कावळ्याची वाट बघायची (कांजूरला कावळे भरपूर, ती चिंता नाही), मग ट्रंक उघडली तर काय बिघडलं. डायरीतला किराण्याचा हिशोब मी ठेवलाय, साखर, चहापत्ती, कांदे, बाकी पगाराच्या चिठ्ठ्या लॅमिनेट न करता फाईलमध्ये, कारण जुना कागद गरम लॅमिनेशनमध्ये घातला की अडकला तो कायमचा.

औषधांचा डबा ह्याच दिवसांत. तारीख उलटलेली बाजूला, अर्धवट प्यायलेल्या अँटिबायोटिकच्या बाटल्या बाजूला, संडासात ओतायच्या नाहीत. तुमचा केमिस्ट परत घेत असेल तर उत्तम, नाहीतर गोळ्या पाकिटातून काढून चहाच्या चोथ्यात मिसळून बांधून द्या म्हणजे कुणी उचलून वापरणार नाही. वायरींचा ड्रॉवर, दहा मिनिटं. कुठल्या वस्तूची आहे ते सांगता आलं नाही ती वायर गेली. जुने मोबाईल देताना आधी अकाऊंट काढून मग रिसेट, सिम-मेमरी कार्ड काढलं का बघा, आणि बॅटरी फुगलेली असेल तर ती दाबून बघायची नाही, टोचायची नाही, सुक्या कचऱ्यात तर मुळीच नाही, नेहमीच्या कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की पेट घेते. ती ई-कचऱ्यातच.

कपडे, आणि आईच्या साड्या

आता ऑक्टोबर हीट. सगळे शिव्या घालतात, मी पण घालते, पण वर्षातलं सगळ्यात कामाचं ऊन हेच आहे. पाऊस गेलेला असतो, आभाळ एकदम स्वच्छ, ऊन थेट खाली येतं, जमीन अजून ओली, त्यात सकाळी वारा जमिनीकडून येतो आणि समुद्राचा वारा सुटायला उशीर होतो, म्हणून पारा पस्तिशीच्या आसपास जातो आणि आपण शिजतो. आयुर्वेदात म्हणतातच, पावसाळ्यात साठलेलं पित्त शरदात उसळतं. माणसांचं काहीही होवो, गाद्यांना हे ऊन सोन्यासारखं.

गच्चीची चावी सेक्रेटरीकडून आधीच मागून ठेवा, रविवारी सकाळी मागितलीत तर तुमच्या आधी चार जणांनी मागितलेली असते. गाद्या, उशा, गोधड्या, ब्लँकेटं दहा ते दोन, मधे एकदा उलटायच्या. संध्याकाळी चारनंतर वर ठेवू नका, परत दमट होतात. गरम असताना लगेच घडी घालून बॉक्सबेडमध्ये टाकायचं नाही, तासभर घरात पंख्याखाली गार होऊ द्या. तोपर्यंत रिकामा बॉक्सबेड आणि कपाट उघडं ठेवून आतून कोरड्या फडक्याने पुसा, बुरशीचे ठिपके असतील तर व्हिनेगरने पुसून पूर्ण वाळवा, आणि पुसताना तोंडाला रुमाल बांधा, मी नाही बांधला एका वर्षी, आठवडाभर शिंकत होते.

सिल्कच्या साड्यांना मात्र हे ऊन नाही. सावलीत, पंख्याखाली, घडी मोडून दोन तास, आणि परत घालताना घडी बदलायची, नाहीतर पैठणी घडीवरच चिरते. प्लास्टिकच्या पिशवीतून काढा, जुन्या मऊ धोतरात किंवा मलमलीत गुंडाळा. डांबराच्या गोळ्या जरीला चिकटवून ठेवू नका, पुरचुंडी करून कोपऱ्यात. कडुलिंबाचा पाला पण चालतो, पण पूर्ण वाळलेला, ओला टाकलात तर बुरशी आणि किडे दोन्ही.

वर्षभर न घातलेलं काढा असं सगळीकडे सांगतात. आपल्याकडे तो नियम चालत नाही, शालू वर्षभर कोण घालतं. मी विचारते की आत्ता हे दुकानात दिसलं तर पैसे देऊन घेशील का. मुलाची तीन जीन्स, नवऱ्याचे टी-शर्ट, माझे ते तंग ड्रेस जे "पाच किलो कमी झाले की" म्हणून ठेवलेत, सगळ्यांचं उत्तर एकच येतं.

ते कुठे द्यायचं. बोहारीण अजून येत असेल तुमच्याकडे तर नशीबवान आहात, आमच्याकडे एक येते, दुपारी तीन वाजता, डोक्यावर स्टीलची टोपली. तिला न फाटलेल्या साड्या, पँटी, लहान मुलांचे कपडे पाहिजे असतात, ओढण्या आणि लेगिंग बघून ती तोंड फिरवते. पहिला भाव ती सांगेल तो निम्मा करा, ती उठून जाईल, जिन्यापर्यंत जाऊन परत येईल, हे ठरलेलंच आहे. एकदा मी सात साड्या आणि दोन पँटींवर झाकणाचा एक डबा घेतला आणि शेजारच्या काकूंनी तेवढ्यातच कढई पण मिळवली, ते मला अजून सलतंय. एक सावधगिरी, जुन्या साडीला खऱ्या जरीचा काठ असेल तर ती बोहारणीला देऊ नका, खरी जर म्हणजे चांदीची तार, वर सोन्याचं पाणी, ती वेगळी विकत घेणारे असतात. ओळखीच्या सोनाराकडे नुसता काठ दाखवून आणा आधी.

घरी कामाला येणाऱ्या ताईंना द्यायचं असेल तर त्यांच्यासमोर मांडा आणि हवं ते निवडू द्या. गाठोडं बांधून हातात द्यायचं आणि त्या नाही म्हणू शकत नाहीत, मग त्यांच्या दहा बाय दहाच्या खोलीत आपला पसारा, हे काही बरोबर नाही. बटणं तुटलेली, डाग पडलेले तर देऊच नये, त्याची पायपुसणी करा.

आणि आता आईच्या साड्या. हे मी मुद्दाम शेवटी ठेवते कारण बॉक्सबेडच्या तळाशी त्याच असतात. आई जाऊन पाच वर्षं झाली, बावीस साड्या होत्या, रोजच्या सुती, दोन इरकली, एक नारायणपेठ, बाकी भाऊबिजेच्या आणि वाण म्हणून आलेल्या. पहिली दोन वर्षं मी नुसत्या उन्हात घातल्या आणि परत ठेवल्या. तिसऱ्या वर्षी ठरवून बसले की आज काढायच्याच, आणि रात्री जेवण न करता झोपले. माझं चुकलं काय तर मी सगळ्यांचा निर्णय एकदम करायला गेले. एका माणसाच्या वस्तू एका दिवसात काढता येत नाहीत, त्या वर्षाला थोड्या अशाच जातात.

मग असं केलं. बहिणीला, वहिनीला आणि आईच्या मैत्रिणीला, त्या मावशी परळलाच असतात, बोलावलं, चहा केला, आणि ज्याला जी आठवते ती त्याने घ्यायची. मावशींनी एकदम साधी, विटलेली, निळ्या चौकडीची घेतली, म्हणाल्या ही नेसून ती माझ्याबरोबर भाजीला यायची. मला ती साडी नीट आठवत पण नव्हती. इरकली आम्ही बहिणींनी. उरलेल्या सुती अकरा साड्यांच्या गोधड्या शिवून घेतल्या, शिवणाऱ्या बाईंनी सांगितलं की आतल्या थरांना विरलेल्या चालतील, वर-खाली धड पाहिजेत, आणि जाड काठ आधी उसवून द्या, सुई जात नाही. एका गोधडीला पाच-सहा साड्या जातात. दोन गोधड्या झाल्या. एक भावाकडे, एक आमच्याकडे, एसी लावला की मुलगा तीच ओढतो. त्याला आजीची साडी वगैरे काही नसतं डोक्यात, मऊ आहे म्हणतो.

देवाच्या तसबिरी

ह्यावर कोणी बोलत नाही म्हणून दोन ओळी. काच फुटलेली तसबीर, मिठाईच्या खोक्यावरचा गणपती, तीन वर्षांची कालनिर्णयं, हे कचऱ्यात टाकवत नाही म्हणून आपण पिंपळाखाली ठेवून येतो. तिथे मग ते पावसात भिजतं, कुत्रे लोळतात. त्यापेक्षा घरीच हात जोडून तसबीर उघडा, काच पेपरमध्ये गुंडाळून वर "काच" लिहून वेगळी द्या, चौकट लाकडाची असेल तर भंगारात किंवा परत वापरा, आणि कागद बादलीत भिजवून लगदा करून कुंडीच्या मातीत. माझ्या सासूबाई आधी तयार नव्हत्या, मग त्यांनीच तुळशीच्या कुंडीत घालायला सांगितलं. फोटो चकचकीत प्लास्टिकचा असेल तर मातीत विरत नाही, तो सुक्या कचऱ्यात जातो, इलाज नाही.

खंडेनवमी ते दसरा

खंडेनवमीला आपण हत्यारं पुसतो, ज्याच्यावर पोट चालतं ते. आपल्या लोकलमध्ये नाही का, दसऱ्याच्या आसपास डब्याला माळा, फुगे, रांगोळी, आरती, रोज ज्याच्यावर लटकतो त्याची पूजा. तर ह्या दिवशी घरापेक्षा ऑफिसचा ड्रॉवर, बॅग, लॅपटॉप आणि मोबाईल. ड्रॉवरमधून माझ्याकडे सॉसच्या पुड्या निघतात, मूठभर. मोबाईलमध्ये आधी व्हॉट्सॲपचं स्टोरेज उघडून मोठे व्हिडिओ काढा, गुगलच्या फुकट १५ जीबीत मेल, ड्राइव्ह, फोटो सगळंच मोजलं जातं म्हणून ते सारखं भरतं. सुप्रभात, स्क्रीनशॉट, पार्किंगच्या खांबाचे नंबर. गेलेल्या माणसांचे व्हॉइस मेसेज असतील तर ते आधी दुसरीकडे उतरवून घ्या, हे कळवळून सांगतेय. ग्रुप सोडायचे असतील तर हाच मुहूर्त, गुपचूप सोडायची सोय आहे आता, मेसेज फक्त ॲडमिनला जातो. सासरच्या ग्रुपचं धाडस मी केलेलं नाही.

दसरा म्हणजे सीमोल्लंघन. मराठ्यांच्या मोहिमा दसऱ्याला निघायच्या त्याला सरळ कारण होतं, पाऊस थांबला, नद्यांना उतार मिळाला, वाटा वाळल्या, खरीप हाताशी आलं, आता निघता येतं. आमची सीमा म्हणजे चौथा मजला. वरच्यांच्या बाथरूमचं पाणी आमच्या भिंतीत झिरपतं म्हणून दोन वर्षं बोलणं बंद होतं, लिफ्टमध्ये दोघीही मोबाईल बघायचो. दसऱ्याला सोनं द्यायला कुणाच्याही दारात जाता येतं, त्याला कारण लागत नाही, ही फार सोयीची रीत आहे. मी गेले, पान दिलं, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा" म्हटलं, त्यांनी आत बोलावलं नाही पण पान घेतलं. गळती डिसेंबरात दुरुस्त झाली, निम्मा खर्च आमचा. गोड शेवट नाही हा, अजूनही जरा ताणलेलंच आहे, पण लिफ्टमध्ये आता "पाणी आलं का" एवढं होतं.

जाता जाता, दादरला आपटा म्हणून जुडीजुडीने विकतात त्यात पुष्कळदा कांचन असतो. आणि जुडी कशाला पाहिजे, एका माणसाला एक पान पुरतं, झाडं ओरबाडली जातात उगाच.

मग दिवाळीपर्यंत

ह्या २० दिवसांत खरी साफसफाई, पण तोपर्यंत घरात वस्तूच कमी झालेल्या असतात म्हणून ती चटकन उरकते. वरून खाली यायचं, माळा, पंखे, ट्यूबलाईट, मग भिंती, मग फरशी. माळ्यावरच्या खोक्यांमध्ये झुरळांची अंडी असतात, खोकी टीव्हीची असोत की मिक्सरची, वॉरंटी संपली की खोकं गेलं. जुना सोफा, कपाट काढायचं असेल तर आठवडाभर आधी बघा, दिवाळीच्या आदल्या रात्री नाक्यावर टाकून पळणाऱ्यांत आपण नको.

नवीन काय सुरू करायचं हे लोक फार विचारतात. दसरा हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक आणि दिवाळीचा पाडवा तो अर्धा, म्हणजे मुहूर्ताला तोटा नाही. पण ह्या उकाड्यात सकाळी दहा वाजता पळायला जाऊ नका आणि वर्षाची जिमची फी तर अजिबात भरू नका. दसऱ्याला पाटीवर आपण सरस्वती काढतो ती आठवा, नुसते एकावर एक एकडे, एवढ्यातच ती होते. मी गेल्या वर्षी रात्री जेवल्यावर बिल्डिंगभोवती चालायला लागले, आमच्या गल्लीत सातवीण आहे, ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलते, रात्री असला घमघमाट की कुणाचं डोकं चढतं, मला आवडतो. वास संपला तरी चालणं राहिलं, आठवड्यातून चार दिवस, पावसात दोन. त्याच्या आधीच्या वर्षी जपानी भाषेचं ॲप घेतलं होतं, ते नऊ दिवस चाललं.

लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणतो आपण, हळदकुंकू लावतो. जुनी त्याच्या आधी काढून टाका, दोन्ही दाराआड उभ्या राहतात आणि वर्षभर जुनीच वापरली जाते, नवी जपून.

सगळ्यात शेवटी डबे. स्वयंपाकघर आवरताना आपल्या नसलेल्या वस्तू वेगळ्या काढा, काकूंचा स्टीलचा डबा, जावेचं कुकरचं भांडं, कुणाचं पुस्तक, कुणाचे उसने पाचशे. बहुतेक डब्यांवर नावं कोरलेली असतातच, लग्नाची तारीख पण असते. रिकामा डबा परत करायचा नाही म्हणून तो वर्षभर ओट्याखाली पडून राहतो, कारण त्यात घालायला काहीतरी खास पाहिजे. तर फराळ झाला की आधी हे डबे भरायचे. चकल्या वरती, लाडू खाली, चिवडा वेगळ्या पिशवीत. मागच्या पाडव्याला मी असे सात डबे पोचवून आले, आणि संध्याकाळपर्यंत त्यातले पाच अनारसे, शंकरपाळ्या आणि करंज्या भरून परत माझ्याच ओट्यावर.